सावलीत वाढणारा चिवा

बागेत बांबू लावा असं सुचवलं की सातारा-सांगलीकडचे बहुतेक लोक आधी नाहीच म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते ओढ्याकाठचं कळकाचं बेट. वीस-पंचवीस मीटर उंच, बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं, आत साप असणारच ही खात्री, आणि एकदा मातलं की कुऱ्हाडीलाही दाद न देणारं. गुढीची काठी, मांडवाचे वासे, जोतिबाच्या चैत्र यात्रेतली सासनकाठी हे सगळं बांबूकडून घ्यायचं, पण त्याने राहायचं गावाबाहेर, हा आपला जुना रिवाज. कळकाच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे. बंगल्याच्या आवारात कळक लावणं शहाणपणाचं नाही.

पण कळक म्हणजे सगळा बांबू नव्हे. गवताच्या कुळातल्या या शाखेत जगभर सोळाशेहून अधिक जाती आहेत. त्यांत घोट्याएवढ्या उंचीच्या जाती आहेत, वेलीसारख्या झाडांवर चढणाऱ्या आहेत, आणि मोठ्या झाडांच्या पायाशी सावलीत समाधानाने राहणाऱ्याही आहेत. जपानमधल्या बागांत झाडांखाली जमीन झाकायला ‘सासा’ गटातले ठेंगणे बांबू लावतात. त्यातला ‘कुमाझासा’ तर फार देखणा: रुंद हिरवं पान आणि त्याला पांढरी किनार. त्याची छायाचित्रं पाहून आपल्याकडचेही हौशी बागकामकरी तो शोधत फिरतात. ती पांढरी किनार म्हणजे पानाची कड थंडीने वाळल्याची खूण असते. जपानच्या हिवाळ्याशिवाय ती नीट उमटत नाही, आणि मिरजेचा एप्रिल या झाडाला मुळीच मानवत नाही. शिवाय हे बांबू जमिनीखाली धावत सुटणारे. एकदा रुजले की शेजाऱ्याच्या आवारातही उगवतात.

इतक्या लांब जाण्याची गरजच नाही. सावलीतला लहान बांबू आपल्या सह्याद्रीत आहे. त्याचं नाव चिवा, काही ठिकाणी चिवारी.

कोयना आणि चांदोलीच्या रानात अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची झाडी दाटलेली असते. त्या झाडीच्या कडेला, घळीत, ओघळाच्या उतारावर चिव्याची बेटं दिसतात. काठ्या साधारण तीन ते पाच मीटर उंच, जाडी करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. सुरुवातीला सरळ वर जातात आणि शेंड्याकडे पानांच्या भाराने अलगद वाकतात. कळकासारखे काटे नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे काठी आतून भरीव, पोकळी नाही किंवा अगदी नावापुरती.

वनस्पतिशास्त्रात हा बांबू बराच फिरला आहे. विल्यम मन्रो या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला गवतांचा नाद होता. बांबूवरचा त्याचा मोठा प्रबंध १८६८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात या जातीला ‘बांबुसा रिचेई’ हे नाव मिळालं. पुढे ती ‘ऑक्सिटेनान्थेरा’त गेली, मग ‘स्यूडोऑक्सिटेनान्थेरा’त. २००८ मध्ये केरळच्या अभ्यासकांनी तिच्यासाठी मन्रोच्याच नावाने ‘मन्रोक्लोआ’ ही स्वतंत्र प्रजाती केली. रोपवाटिकेत किंवा पुस्तकात यांपैकी कोणतंही नाव भेटू शकतं, म्हणून हा इतिहास माहीत असलेला बरा. तळकोकणातला माणगा हा याचा मोठा भाऊबंद. तोही भरीव, पण नऊ-दहा मीटर जाणारा. गावोगावी नावांची अदलाबदल होते आणि काही जण माणग्यालाही चिवा म्हणतात. लहान आवारासाठी रोप घेताना हा फरक विचारून घ्यायलाच हवा.

सावलीत गवत कसं जगतं? आपल्या ओळखीची बहुतेक गवतं, ऊस, ज्वारी, बाजरी, उन्हाची भुकेली असतात. लखलखीत उन्हात कमी पाण्यात जास्त साखर तयार करण्याची त्यांची रासायनिक पद्धत वेगळी आहे. बांबूची पद्धत भातासारखी, गव्हासारखी. त्याला भर उन्हाचा तेवढा फायदा उठवता येत नाही, पण कमी उजेडात तो मागे पडत नाही. सावलीतल्या जातींची पानं तुलनेने पातळ असतात, आणि थोड्या प्रकाशावरही त्यांचा रोजचा खर्च भागतो.

दुसरी युक्ती जमिनीखाली आहे. बेटातल्या सगळ्या काठ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांना जोडणारं खोड, ज्याला आपण कंद म्हणतो, मातीत आडवं वाढतं. ज्या काठीच्या शेंड्याला कवडसा मिळतो तिने केलेलं अन्न कंदात जातं आणि तिथून अंधारातल्या कोंबाला मिळतं. म्हणूनच जमिनीतून वर येणारा कोंब एकही हिरवं पान नसताना दिवसाला वीतभर वाढू शकतो. बांबूचा कोंब मातीतून येतानाच आपली पूर्ण जाडी घेऊन येतो. दोन-तीन महिन्यांत त्याची उंची पुरी होते. त्यानंतर ती काठी ना उंच होते ना जाड. पुढची दोन-तीन वर्षं ती फक्त पक्की होत जाते. ‘लावून दोन वर्षं झाली, काठ्या सुतळीएवढ्याच’ अशी तक्रार ऐकू येते, ती या समजुतीच्या अभावी. जुन्या काठ्या जाड होणार नाहीत. कंदात साठा वाढेल तसे दरवर्षीचे नवे कोंब आदल्या वर्षीपेक्षा जाड येतील. चौथ्या-पाचव्या पावसाळ्यापर्यंत धीर धरावा लागतो.

चिवा धावत नाही हेही सांगायला हवं, कारण भिंती आणि पाया खचण्याची भीती लोकांना फार. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक बांबूंप्रमाणे त्याचे कंद आखूड असतात, म्हणून बेट जागच्या जागी, दरवर्षी थोडं थोडं रुंद होतं. भिंतीपासून मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवलं आणि भिंतीच्या बाजूचे कोंब कोवळे असतानाच मोडले की बेट आपल्याला हवं तिकडेच सरकतं. मुळं तंतुमय आणि उथळ, बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीत. त्यांच्याने पाया फुटत नाही. उलट उतारावरची माती धरून ठेवण्यात त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

आता जागेचा प्रश्न. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पार बदलतात. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या दहिवडीला पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक पावसाळा बरा झाला म्हणतात. शिराळ्याचा पश्चिम भाग चांदोलीला टेकलेला, आणि त्याच सांगली जिल्ह्यातले जत, आटपाडी, कवठेमहांकाळ दुष्काळी. त्यामुळे ‘साताऱ्यात चिवा येतो का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

महाबळेश्वर, पाचगणी, जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात तो आपल्या घरीच आहे. जांभ्याची किंवा तांबडी, पाणी झरणारी माती, डोंगराचा गारवा. लावला आणि पहिले दोन उन्हाळे सांभाळला की झालं. सातारा शहर, वाई, कऱ्हाड या मधल्या पट्ट्यात त्याला उन्हाळी पाणी आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा लागतो. सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगाव इथे प्रश्न पाण्याचा कमी आणि मातीचा जास्त. कृष्णाकाठची काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते, आणि बांबूला ओल हवी पण साचलेलं पाणी नको. कंदाला हवा मिळाली नाही की तो कुजतो. ऊसपट्ट्यात अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तिथे आणखी एक दुखणं दिसतं: पानांची टोकं तपकिरी होऊन वाळत जातात. बोअरच्या पाण्यातला क्षार मुळांतून वर चढतो, पानातून फक्त पाणी उडून जातं आणि क्षार टोकाशी साठत राहतो. लोक त्याला बुरशी समजून औषध मारतात. त्यापेक्षा पावसाचं पाणी साठवून उन्हाळ्यात अधूनमधून बुडाला भरपूर घातलं, तर साठलेला क्षार खाली धुऊन जातो आणि नवी पानं स्वच्छ येतात. मोरीचं साबणाचं पाणी बागेत सोडण्याची पद्धत आहे, तीही चिव्यासाठी बंद करावी. साबणातल्या सोडियमने काळी माती आणखी चिकट होते.

माण, खटाव, जत, आटपाडी इथल्या वाचकांना माझा सल्ला स्पष्ट आहे: उघड्यावर चिवा लावण्याचा हट्ट करू नका. त्या भागाचा बांबू म्हणजे मानवेल. तो कोरडा उन्हाळा पानं गाळून काढतो, मुरमाड जमीन सोसतो, पण त्याला ऊन भरपूर लागतं. सावलीच्या कोपऱ्यात त्याचं काही खरं नाही. वाड्याच्या चौकात, तिन्ही बाजूंनी भिंती आणि वारा अडलेला असेल, तर मोठ्या कुंडीत चिवा जगवता येईल. त्यापलीकडे नाही.

सावली म्हणजे तरी कोणती? हा मुद्दा बागकामाच्या पुस्तकांत घाईने उरकला जातो. घराच्या उत्तरेकडची सावली थंड आणि बहुतेक वेळ टिकणारी असते, पण वर आभाळ मोकळं असतं. तिथे पसरलेला उजेड चांगला मिळतो. चिव्यासाठी ही उत्तम जागा. पूर्वेकडची, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आणि मग सावली, हीदेखील तितकीच चांगली. आंब्याखालची सावली मात्र फसवी. वरून कवडसे पडतात, जागा रानासारखी दिसते, पण खाली आंब्याची मुळं ओल आणि खत दोन्ही ओढून घेतात. तिथे लावायचंच असेल तर खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराच्या कडेला लावावं आणि पाणी जास्त द्यावं. आणि पश्चिमेची बाजू, जिथे दुपारभर सावली असते पण चार वाजता तिरपं ऊन भिंतीवर आदळतं, ती टाळावी. दिवसभर सावलीत राहिलेलं पातळ पान त्या एका तासात करपतं. ऊन किंवा कोरडा वारा फार झाला की चिव्याचं पान लांबीत वळून सुरळीसारखं होतं. उघडा भाग कमी करून पाणी वाचवण्याचा तो त्याचा मार्ग. संध्याकाळी पानं पुन्हा सपाट झाली तर काळजी नाही. सकाळीही ती वळलेलीच दिसली, तर त्याच दिवशी पाणी द्यायला हवं.

लावणीचा हंगाम म्हणजे मृगाचे पहिले चांगले पाऊस. चिव्याचं बी क्वचितच मिळतं, म्हणून कंद लावतात. एक-दोन वर्षांची काठी तिच्या कंदासकट बेटाच्या कडेने सोडवायची, काठी दोन-तीन पेरांवर छाटायची, आणि कंदाला माती चिकटलेली असतानाच लावायची. कंदावर फुगलेले, निरोगी डोळे दिसले पाहिजेत. पुढचे कोंब तिथूनच फुटणार. काठी जुनी निघाली तर डोळे बहुधा झोपलेलेच राहतात. दीड-दोन फुटांचा चौकोनी खड्डा, तळाशी मुरूम, वर माती आणि निम्म्याच्या आसपास कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत. भारी काळ्या जमिनीत खड्डा करूच नये. तिथे पाऊणएक फूट उंचवटा करून त्यावर लावावं, नाहीतर तो खड्डा पावसाळ्यात डबकं होतो.

यानंतर सगळ्यात मोठं काम आच्छादनाचं. कोयनेच्या रानात चिव्याच्या बुडाशी हात घातला तर आधी कोरडी पानं लागतात, मग अर्धवट कुजलेली काळपट ओलसर पानं, त्यात पांढरे बुरशीचे धागे, आणि त्याखाली भुसभुशीत माती, जिच्यात बांबूची बारीक मुळं वरवरच पसरलेली असतात. बागेत आपण झाडून झाडून जमीन स्वच्छ ठेवतो आणि ही सगळी व्यवस्था मोडून टाकतो. बांबूच्या पानांत वाळूतली सिलिका भरपूर असते. तीच पानं बुडाशी कुजली की ती सिलिका मातीतून परत नव्या काठीला मिळते आणि काठी कणखर होते. पडलेलं पान उचलू नका, उलट शेजारच्या झाडांचंही पान आणून टाका.

जून-जुलैत कोंब वर येतात तेव्हा बेटाच्या आसपास कुदळ-खुरपं नको, आणि पाय तर नकोच. कोंबाचा शेंडा एकदा मोडला की ती काठी गेली. पाटण-शिराळ्याच्या रानालगतच्या घरांत साळिंदर कोंब उकरून खातं आणि गवाही त्यावर ताव मारतो, तेव्हा पहिल्या वर्षी भक्कम कुंपण घालावं लागतं. पाऊस संपत आला की बुडाशी मातीची भर द्यावी. कंद उघडे पडू देऊ नयेत.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून विरळणी सुरू करावी. कोवळ्या काठीला हात लावायचा नाही, तीन वर्षांवरची काठी काढायची, आणि ती बेटाच्या आतून काढायची, कडेने नव्हे. कडेच्या काठ्या या तरुण. दिसायला सोप्या म्हणून लोक त्याच तोडतात आणि आत म्हाताऱ्या काठ्यांची गर्दी उरते. तोड हिवाळ्यात करावी. पावसाळ्यात कंदातला साठा कोंबांकडे चाललेला असतो, तेव्हा तोडलं तर बेट खंगतं. पोकळ बांबूच्या तुटलेल्या बुडख्यात पाणी साठून डास होतात, भरीव चिव्यात ती भानगड नाही. निघालेल्या काठ्या टोमॅटो, घेवडा, दोडक्याच्या आधाराला फार चांगल्या. तोडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्या तर काठीतलं पिष्ट निघून जातं आणि त्यावर जगणारा, पिवळी भुकटी पाडणारा भुंगा लागत नाही. बुरूड मंडळींना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्या जमिनीतला बांबू तोडायला आता वनखात्याची परवानगीही आड येत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘वृक्षा’त मोडत होता, २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन त्याला त्या व्याख्येतून वगळलं गेलं.

बेट जमलं की पाहुणे येतात. ‘मटापा एरिया’ नावाचं एक तपकिरी, ठेंगणं फुलपाखरू आहे, त्याचे डोळे लालभडक. भर उन्हात ते फारसं दिसत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला सावलीतून वेगाने सरकतं. त्याची अळी बांबूच्याच पानावर वाढते. पानाची कड आत वळवून, रेशमाच्या टाक्यांनी शिवून ती नळी करते आणि आत राहते. अशी शिवलेली पानं दिसली की कीड लागली म्हणून तोडू नका. हजारो पानांतली दहा-वीस पानं गेली तर बेटाला काही होत नाही. खरा त्रास माव्याचा आणि पिठ्या ढेकणाचा, आणि तोही हवा न खेळणाऱ्या दाट बेटात. विरळणी वेळेवर झाली की औषधाची वेळ सहसा येत नाही.

फुलोऱ्याची भीतीही बऱ्याच जणांना असते. बांबू फुलला की मरतो, हे बहुतेक जातींत खरं आहे. सातारकरांना यात नवल वाटायला नको. कासच्या आणि महाबळेश्वरच्या उतारांवरची कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मरते, तोच हा प्रकार, फक्त बांबूचा काळ खूप लांब. मिझोरममधला ‘मौतक’ बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. १९५९ च्या सुमारास तो फुलला तेव्हा बियांवर उंदीर माजले, त्यांनी पिकं फस्त केली आणि दुष्काळ पडला. बागेतल्या एका बेटाने असं काही होत नाही. बेट फुललं तर बी गोळा करून लगेच पेरावं, कारण ते काही महिन्यांतच रुजायचं थांबतं.

रोप कुठून आणायचं, हा शेवटचा आणि नाजूक प्रश्न. रानात दिसलं म्हणून उपटून आणायचं नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला आहे, दोन्ही २०१२ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत, आणि तिथून काठीच काय, पानही उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पाटण, जावळी, शिराळ्यात मालकी रानांच्या बांधांवर चिवा असतो. मालकाला विचारून, मोबदला देऊन कंद घ्यावा. रोपवाटिकेत घेणार असाल तर डोळे उघडे ठेवा. ‘लकी बांबू’ हा बांबू नव्हेच, तो आफ्रिकेतला ड्रॅसिना. ‘बेबी बांबू’ म्हणून कुंडीत विकलं जाणारं नाजूक, झुबकेदार रोप म्हणजे पोगोनाथेरम नावाचं गवत. ते आपल्याच घाटातल्या ओल्या कड्यांवर पावसाळ्यात लोंबताना दिसतं. दिसतं सुंदर, पण एक दिवस पाणी चुकलं तरी वाळतं. कुंपणासाठी मिळणारा चिनी ‘बांबुसा मल्टिप्लेक्स’ मात्र खरा बांबू, धावत नाही, अर्ध्या सावलीत टिकतो. चिवा मिळालाच नाही तर तो लावायला हरकत नाही. पण विकणारा चिवा म्हणत असेल, तर त्याला एक जुनी काठी पेराच्या मधोमध कापून दाखवायला सांगा. आत बोटभर पोकळी दिसली तर ते रोप घेऊ नका.